नाव खरवडलेलं गाणं

...एवढंसं! काखेत मारून आली हो माझी नात, शनीक, ताटाएवढं ते यंत्र, आणि म्हणते, "आजोबा, आले मी गाणी वाजवायला!" म्हटलं, बाई, बाकीचं सामान कुठंय? ट्रक कुठंय? सहा गडी कुठंयत? तर म्हणते, "हेच सगळं!" हेच सगळं? तुम्हाला सांगतो, किंग्स्टनमध्ये आमचा साउंड, म्हणजे नाचाला गाणी वाजवायचा सगळा संच, निघायचा ना, तेव्हा एकेक स्पीकर कपाटाएवढा, उचलताना गड्यांच्या तोंडून येशूही निघायचा आणि शिव्याही, अ‍ॅम्प्लिफायर असा तापायचा की वर मासा भाजून घ्यावा, आणि वाजायला लागला की तिसऱ्या गल्लीतल्या म्हातारीची कवळी ग्लासात नाचायची! आता? ताट! पण नावं ठेवत नाही मी. ओझं वाचलं म्हणून माझ्या कमरेनं, हात असते तर, त्या ताटाला जोडले असते.

आता गाण्याचं नाव, हाच तर सगळा घोटाळा! ऐका. त्या काळी अमेरिकेहून आलेली चांगली रेकॉर्ड म्हणजे खजिना. शेजारच्या गल्लीत एगबर्ट, त्याचाही साउंड, माझा जन्माचा वैरी. त्याची माणसं नाचायच्या निमित्तानं यायची आणि मान वाकडी करकरून रेकॉर्डवरचं गाण्याचं नाव वाचायची. वाचलं की संपलं, पुढच्या शनिवारी तेच गाणं त्याच्या अंगणात! मग आम्ही काय करायचो? मधला गोल कागदच चाकूनं खरवडून टाकायचो. वाचा आता! कुठली कुठली ते कळायला मी आपले रंगाचे ठिपके द्यायचो.

त्यातल्या निळ्या ठिपक्यावर इसिल्डा नाचली. अशी नाचली की... जाऊ द्या. गाणं संपलं, पिन खरखरत राहिली, मी बघतच! जवळ येऊन म्हणते, "काय रे नाव ह्या गाण्याचं?" मी छाती फुगवून म्हटलं, "धंद्याचं गुपित आहे. लग्न कर, मग सांगतो." केलं हो बाईनं लग्न! आणि तोवर मी ते नाव साफ विसरलो. तिनं दर वर्षी विचारावं, मी दर वर्षी म्हणावं, "सांगेन गं, घाई काय आहे?" पन्नास वर्षं रेटलं!

परवा रविवारी लग्नाची पन्नाशी. बोकडाचा रस्सा रटरटतोय, रम फिरतेय, एगबर्ट कोपऱ्यात डॉमिनोच्या सोंगट्या आपटतोय (म्हातारपणी वैऱ्याशीच दोस्ती करावी लागते, दुसरं उरतं कोण?) आणि इसिल्डा निळा झगा घालून सगळ्यांसमोर म्हणते, "आपलं गाणं लाव." निळा ठिपका? त्याच्यावर मागच्या वादळात छपराचा पत्रा पडला, चुराडा! तिला सांगायची छाती कुणाची? मी शनीककडे बघतो, शनीक हसून म्हणते, "आजोबा, जगातली सगळी गाणी आहेत ह्यात. तुम्ही फक्त नाव सांगा!"

नाव! जन्मभर ज्यानं नावं खरवडली त्यालाच नाव विचारतेय! गुणगुणून दाखवलं, तर ताटानं नीट ऐकून घेतलं आणि चर्चमधलं मयताचं भजन लावलं. दोघा पाहुण्यांनी टोप्यासुद्धा काढल्या! इसिल्डा बघतेय. मला दरदरून घाम. म्हटलं रॅन्सफर्ड, गेली तुझी अब्रू, तीही बोकड शिजवून, पाहुणे बोलावून...

तेवढ्यात एगबर्ट उठला, काठी टेकत गेला, शनीकच्या कानात काहीतरी पुटपुटला. आणि... तेच! निळा ठिपका! तेच हो, तेच! खरखर नव्हती, तेवढं चुकल्यासारखं वाटलं, पण नावं ठेवत नाही मी. डोळे पुसत विचारलं, "अरे चोरा, तुला कसं कळलं?"

"गाढवा, तू कागद खरवडलास. कागदाच्या कडेला रेकॉर्डवर नंबर कोरलेला असतो, तो कोण खरवडणार, तुझा बाप? माझ्या माणसानं तो वाचला, अमेरिकेत मेव्हण्याला कळवला, नाव हजर!"

"मग कधी वाजवलं का नाहीस?"

"वाजवणार होतो. आधी इसिल्डाला जाऊन नाव सांगितलं आणि मागणी घातली. ती नाही म्हणाली. मग कुणासाठी वाजवू?"

म्हणजे हिला ठाऊक होतं! लग्नाच्या आधीपासून! नाचता नाचता म्हटलं, "मग दर वर्षी मला का छळलंस?" तर म्हणते, "थापा मारताना तुझे कान हलतात, बघायला बरं वाटतं. नाव सांगणाऱ्याला नाही म्हटलं, म्हाताऱ्या, न सांगणाऱ्याशी संसार केला. आता गप नाच."

तुम्हाला सांगतो, तिला तिथल्या तिथं एक गिरकी दिली. देवाचे आभार, एगबर्टचे आभार, त्या ताटाचेसुद्धा आभार! मग हळूच तिच्या कानाशी लागलो, "पण अगं... नाव काय त्याचं?"

तर म्हणते कशी, "सांगेन रे. घाई काय आहे?"

ताटावरची अक्षरं मुंगीएवढी, शनीकला आजीनं गप्प केलंय, एगबर्ट नुसता बोळकं पसरून हसतो... म्हणजे आता आणखी पन्नास वर्षं जगणं आलं! तरी नावं ठेवत नाही मी... ठेवायला आधी नाव तर कळू दे!