रुमालाखालचा हात

तुमी अदृश्य हात बघितलाय का कुनी? मी बघितलाय, गुरांच्या बाजारात.

आमचा भाचा विलायतेत अर्थशास्त्र शिकून आला. मी गाय विकायला निघालो, तर तोबी टेम्पोत बसला. कोल्हार सोडल्यापासून त्याचं सुरू, "मामा, पश्चिमेकडचे देश पुढं गेले ते माणसाच्या स्वातंत्र्यावर. सरकारनं बाजारात लुडबुड करायचीच नाही. बाजाराचा एक अदृश्य हात असतो, तो बरोबर भाव ठरवतो."

बाजारात व्यापाऱ्यानं माझा हात रुमालाखाली घेतला. गुरांचा भाव आमी तोंडानं बोलत न्हाई, बोटं दाबून सांगतो. भाव कळला तसा मी हात ओढून घेतला. मग दुसरा आला, तिसरा आला. जो आला त्यानं तीच बोटं दाबली. समद्यांचं आधीच ठरलेलं.

भाच्याला म्हनलं, "ह्यो बघ तुझा अदृश्य हात."

त्याचं तोंड उतरलं, पन डोक्यात चढलेलं तत्त्वज्ञान काय उतरंना. "विकू नका, मामा. ज्याला नाही म्हणता येतं, तोच माणूस स्वतंत्र."

मी गाईचं दावं व्यापाऱ्याच्या हातात दिलं. म्हनलं, "स्वातंत्र्य लई हाय रं. घरी चारा न्हाई."