कारखान्याचा वास गेला आणि आबा सापडले

तुम्ही ही अंडी सोलताय म्हणून आठवलं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, माझ्या नोकरीनं पकडून दिलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिंडोरी रोडला आमच्या मळ्याला लागून दारूचा कारखाना होता आणि मी तिथेच कामाला. तिथल्या सांडपाण्यातून निघणाऱ्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास यायचा. गावानं बोंबाबोंब केली, त्यात आमचे आबा सगळ्यात पुढे. शेवटी मालकानं त्या गॅसमधलं गंधक काढून घेणारं यंत्र बसवलं. आम्ही ते चालू केलं, खाली पिवळंधमक गंधक जमलं आणि वास गेला. मी छाती फुगवून घरी आलो.

आई माळकरी. नाकाला पदर लावून ती दारातच उभी.

"कारखाना चालू हाय ना रे?"

"चालूय. वास बंद केला आम्ही."

"मग पंपाच्या खोलीतून कशाचा येतोय?"

खोलीत आबा स्टोव्हवर अंडी उकडत बसले होते. इतकी वर्षं आईनं वासाचं विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "कारखाना, दुसरं काय."

आईनं पातेल्यासकट अंडी उकिरड्यावर टाकली. आबा माझ्याशी बोलेनात. मग एक दिवस कारखान्याच्या गेटवरच आले.

"ते तुमचं यंत्र आठवड्यातून एकदा बंद ठेवता येतं का रे?"

"आबा, तक्रार तर तुम्हीच केली होती."

"गावाला मी समजावतो. तू फक्त बुधवारचं बघ."