सपाट रुमाल

कर्वेनगरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. त्यांतल्या तरुण बाईने पिशवीतून क्रोशाचा गोल, पांढरा रुमाल काढला.

"घ्या काकू, हा तुम्हाला."

"अगं, किती सुरेख! पण सासूबाईंसाठी विणत होतीस ना?"

"त्यांना नकोय."

"का गं? चांगला सपाट बसलाय की."

"तेच तर! पहिला फसला होता. फेरीत खांबाचे टाके वाढवायला विसरले, कडा वर वळल्या आणि रुमालाची पार वाटी झाली."

"मग?"

"सासूबाईंनी उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, 'टोपरं छान झालंय. बारसं कुणाचं आहे?'"

"तुझ्या सासूबाईंच्या शनिवार पेठेत याला कौतुक म्हणतात."

"मला झोंबलं ना! महिनाभर खपून हा विणला. काल त्यांच्या उशाशी स्टुलावर अंथरला आणि म्हटलं, आई, ती वाटी द्या, उसवून टाकते."

"दिली?"

"छे! पोटाशी धरून बसल्या. म्हणाल्या, 'आणि मी चष्मा कशात ठेवू? या पत्रावळीवर?'"