तीन मुलगे, एक जावई

(बर दुबई. हमीदचं जुन्या फर्निचरचं दुकान. टेबलावर काळी, लांब लाकडी फळी. तिच्यावर चार मोठी सोनेरी चिनी अक्षरं, दोन्ही कडांना बारीक अक्षरं. शेजारी करवत घेऊन सुतार अर्सलान.)

प्रकाश : म्हणजे, कापायची ठरलीच का? मी उगाच मध्ये बोलतोय.

हमीद : काका, व्हिलावाल्या मॅडमची ऑर्डर आहे. बाजू छाटायच्या, पाय लावायचे, वर काच. टी-टेबल तयार, खलास.

प्रकाश : बाजूलाच तर नावं आहेत.

हमीद : कुणाची?

प्रकाश : मागे मी हिचा फोटो काढला होता. तुम्हाला न विचारता, सॉरी. आमच्या टॉवरमध्ये एक चिनी बाई राहतात. तीन दिवस लिफ्टमध्ये भेटल्या. चौथ्या दिवशी धीर झाला.

हमीद : एवढा तर मी निकाहला नव्हतो घाबरलो! काय म्हणाल्या?

प्रकाश : उजवीकडून वाचायचं, तुमच्या उर्दूसारखं. त्यांच्याकडे एका कुळाचं एक मोठं दालन असतं. पूर्वजांची पूजा तिथेच. वडिलांना ऐंशी पूर्ण झाली की घरचे अशी पाटी करून तिथे उंच लावतात. या कडेला साल. त्या कडेला तीन मुलगे, एक जावई.

हमीद : दालन पाडलं म्हणून तर कंटेनरमधून आली. मी नसती घेतली तर कुणीतरी जाळली असती.

प्रकाश : खरंय. तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी.

हमीद : मग तुम्हीच न्या. घरी लावा.

प्रकाश : भाड्याचा फ्लॅट. भिंतीला भोक पाडायचं नाही, असं सूनबाईने, विभावरीने, आधीच सांगितलंय.

हमीद : मुलाला सांगा ना!

प्रकाश : शार्दूल आठवडाभर फुजैराला, बंदरावर असतो. नात घरी असते. हाक मारली की म्हणते, ‘आजोबा, नॉट नाऊ.’

हमीद : काका, तुमची उमर काय?

प्रकाश : ते सोडा हो.

हमीद : सांगा तरी.

प्रकाश : मंगळवारी ऐंशी झाली. शार्दूलची जहाजं लागली होती त्या दिवशी. विभावरीचं ऑडिट. आणि आपलं आपणच कसं सांगायचं?

हमीद : ...अर्सलानभाई, करवत खाली ठेवा. मॅडमला दुसरी फळी दाखवू. यल्ला, चला, शिडी काढा. ही इथेच लागेल, समोरच्या भिंतीवर.

प्रकाश : अहो, नको, तुमची ऑर्डर... बरं, मी एक टोक धरतो.

हमीद : तुम्ही नाही धरायचं. ज्याच्यासाठी लावतात, तो बसतो. ती खुर्ची घ्या. वाकडी दिसली तर सांगा.

प्रकाश : वाकडी लागली तरी चालेल, हमीदभाई.