तिघींचा एकच प्रश्न

मला आजवर लई जणांनी सुनावलंय, पण आमच्या घाटनांदूरच्या ठकूमावशीसारखं कुणी न्हाई. नवरा वारल्यापासून तिनं बोलणंच टाकलं होतं. मी गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, म्हणून घरी गेले अन् विचारलं, "मावशी, झोप लागती का? जेवण जातं का?" तेवढ्यात दवाखान्याच्या समुपदेशक बाई आल्या. त्यांनीही तेच विचारलं, वर म्हणाल्या, "मन मोकळं करा." मागून बचत गटाची सुनीता आली, तिचंही तेच. बाकीच्या दोघी येणार हे आमच्यातल्या एकीलाही माहीत न्हवतं.

मावशीनं तिघींपुढं चहा ठेवला अन् दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं, "मला म्हणताव मन मोकळं कर. पोरींनो, तुमी तरी एकमेकींशी कधी बोलताव का?"