टेलिफोन दुरुस्तीची गाडी

गाड्यांच्या तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते.

"ताई, पोलिसांची जुनी पाळतीची गाडी लिलावात घेतली म्हणून मला वेड्यात काढलंस ना? आता ऐक!"

"हळू बोल. अख्खी रांग ऐकतेय."

"ऐकू दे! पांढरा रंग घासला, तर खाली बेकरीचं नाव. तेही घासलं, तर खाली हिरव्या अक्षरांत 'टेलिफोन दुरुस्ती'!"

"आपल्या खिडकीसमोर असायची ती?"

"तीच! बाबांच्या कारखान्यात संप होता, तेव्हा दोन महिने उभी होती."

"अरे, आई त्या दुरुस्तीवाल्यांना रोज चहा पाठवायची!"

"आणि निळ्या काठाचा एक कप गायब झालेला, आठवतं?"

"न आठवून कसं चालेल? मी फोडला म्हणून बोलणी खाल्ली मी."

"काल मागची सीट उचलली, तर खाली तो कप! साधा टवकाही उडालेला नाही!"

"थांब. म्हणजे आपल्या घरात ठरलेले संपाचे बेत पोलिसांनी..."

"गाडीत बसून स्वतः ऐकले!"

"आणि आपण चुगलखोर ठरवलं काकांना. एकोणीस वर्षं त्यांची पायरी चढलो नाही."

"तेच तर सांगतोय तुला!"

"ही आज पास होईल ना?"

"न व्हायला काय झालं? इंजिन बघ कसं गातंय! पास झाली की आधी मित्रांना..."

"मित्र गेले खड्ड्यात. आधी काकांकडे. हिरवी अक्षरं त्यांच्या खिडकीकडे येतील अशी लाव. बेल मी वाजवते."