वत्सलाच्या गाठीची पिशवी

(तारापूरच्या किनाऱ्याजवळ नामदेवचं अंगण. १९९९ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेलीय. नामदेव फाटक्या जाळ्यात अडकलेल्या पिशव्या सोडवतोय. बायको वत्सला बाजाराची पाटी भरतेय. तिचा भाऊ कमलाकांत आल्यापासून उभाच आहे.)

कमलाकांत : बसायला वेळ नाहीये, ताई. दुपारची पाळी आहे, कंपनीची बस चुकली की मेलो. तू फक्त हो म्हण.

वत्सला : कसला हो? आल्यापासनं घोड्यावर बसलायस. नीट सांग की.

कमलाकांत : आज बाजारात सरकारी साहेब येणार. पातळ पिशव्या बंद करायचा हुकूम आलाय ना, तो मासळीबाजारात कसा लावायचा ते विचारायला. तू सगळ्या बायांच्या पुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, पिशवीशिवाय आमचा धंदा बसेल. एवढंच.

नामदेव : आनि तुझ्या शेठला काय रं मासळीवाल्यांचा एवढा पुळका?

कमलाकांत : भावोजी, आमच्या मशीनवर पातळच पिशवी निघते. हुकूम लागला तर एक पाळी बंद. शेठ बोलला, "तेरी बहन मार्केट में बैठती है ना? उसको समझा." ताई बोलली तर माझी नोकरी राहील, नाहीतर पहिला मीच घरी. सालवडला नवीन खोली घेतलीय, सुलूचे दिवस भरत आलेत. मी काय करू, सांगा!

वत्सला : म्हनेन बाबा, म्हनेन. तोंड नको पाडू. खोटं थोडीच हाय? पिशवी नाय दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं.

नामदेव : म्हन हां. आनि जाताना हे जाळं पन ने संगती. बघू दे सायबाला.

वत्सला : झालं यांचं सुरू.

नामदेव : सुरू? अगं, शेपटी फाटली जाळ्याची, मासळी साठते तीच! ओहोटी लागली तशा पिशव्या जाऊन बसल्या शेपटीत. पान्याला जायाला वाट नाय. फाटनार नाय तर काय? ऐन हंगामात सगळा बोंबील गेला. आनि हा आलाय, पिशवी चालू ठेवा सांगायला!

कमलाकांत : तुमचं जाळं तरी काय सुताचं आहे? नायलॉनच ना? तेही प्लास्टिकच.

नामदेव : मी ते दर्यात फेकतो काय?

कमलाकांत : मग या पिशव्या? रोज जाळ्यात येतात, त्यांचं काय करता?

नामदेव : काय करनार? झटकतो पान्यात. आज जाळं फाटलं म्हनून घरी आनावं लागलं. बापापासनं चालत आलंय. मासळी आपली, बाकी दर्याचं दर्याला.

कमलाकांत : वा! म्हणजे आज तुमच्या जाळ्यातली उद्या शेजाऱ्याच्या, आणि परवा परत तुमच्याच. वर शिव्या आम्हाला.

नामदेव : बापाच्या वक्ताला लाकूड यायचं, शेवाळ यायचं. ते सोडलं तर कुजून जायचं. हे मेलं कुजत पन नाय.

वत्सला : भांडू नका रे. माझा बाजार जाईल असानं.

नामदेव : आनि ही बघ, ही तर सुटतच नाय. कुनीतरी तोंड बांधलंय, आत घान भरलीय. दातानं वढली तरी सुटंना.

कमलाकांत : आणा इकडे. गाठीचा डावा कान असा दाबायचा, उजवा खालून ओढायचा. ही बघा, सुटली. शी! मासळीची डोकी आहेत, पार सडलीत.

नामदेव : तुला कशी सुटली रं एका झटक्यात?

कमलाकांत : त्यात काय? आय सुकटीची पुडकी अशीच बांधायची. लहान असताना मी चोरून सोडायचो, तेव्हा ताई मला...

नामदेव : थांबलास का?

कमलाकांत : काही नाही. द्या, फेकून देतो.

वत्सला : इकडं आन ती पिशवी.

कमलाकांत : राहू दे ना, ताई. वास येतोय.

वत्सला : आन म्हनते ना! ... माझीच हाय. आयनं ही गाठ माझ्याशिवाय कुनाला नाय शिकवली. बाजार उठला की डोकी, खवलं बांधून खाडीच्या पुलावरनं सोडते. घान वास नको म्हनून घट्ट बांधते.

नामदेव : असू दे गं. तुझी असंल एखादी. बाकी दुनियेच्या हायत.

वत्सला : गाठ व्हती म्हनून वळखली. बिनगाठीच्या गिऱ्हाइकांना वाटल्या, त्या कुठं गेल्या असतील? मागितली एक तर दिल्या दोन. भाऊ फुकट आनतो ना! तुमी जाळं शिवताना मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिव्या घालत व्हते, अवो. लाज वाटते मला.

कमलाकांत : हे साहेबाला सांगू नको हां, ताई. पाया पडतो.

वत्सला : जिवली आठवते तुला? डोंगरातनं सागाची पानं आनायची, माझ्या बाजूला बसायची. मासळी बांधायला आमी सगळ्या तिच्याकडनं पानं घ्यायचो. तुझ्या पिशव्या आल्या आनि ती दिसंनाशी झाली.

कमलाकांत : पानातून पाणी गळतं. आणि होळीला सागाला पानच नसतं, तेव्हा काय देशील?

वत्सला : तवा डबा आनतील. आधी आनतच व्हते.

कमलाकांत : नाही आणणार. लोकांची सवय मोडली.

वत्सला : मग मोडली कुनी? मीच ना?

कमलाकांत : म्हणजे साहेबाला काय सांगणार? लवकर सांग, बस येईल.

वत्सला : धंदा बसंल असं नाय सांगनार.

कमलाकांत : आणि माझी नोकरी?

वत्सला : जाईल. ठाव हाय मला. सुलूला बाळंतपनाला इकडं आन. मी हाय.

नामदेव : आनि तू होडीवर ये. मानसं कमीच हायत.

कमलाकांत : मला पोहता येत नाही, भावोजी. तुम्हीच हसता.

नामदेव : हसलो असंन. शिकवीन पन मीच.

कमलाकांत : हा पिशव्यांचा गठ्ठा आणला होता तुझ्यासाठी.

वत्सला : घेऊन जा.

नामदेव : आनि या जाळ्यातल्या? टाकू कुठं?

वत्सला : टाकायच्या नाय. हितंच ऱ्हाऊ द्या. सायेब येतोय ना, त्यालाच इचारते कुठं न्यायच्या. उद्यापासनं जाळ्यात येतील त्या पन घरी आना.

नामदेव : अख्खं अंगन भरंल.

वत्सला : भरू दे. कमळू, जिवलीला निरोप धाडशील? पानं घेऊन ये म्हनावं.

कमलाकांत : कुठे धाडू? ती आमच्याच कारखान्यात आहे, ताई. पॅकिंगला. पिशव्यांचे गठ्ठे बांधते.

नामदेव : घ्या.

कमलाकांत : पाळी बंद झाली तर माझ्यासोबत तीही घरी. बस आली बघ, हॉर्न वाजतोय. काय सांगू तिला?

वत्सला : सांग, माझ्या पाटीच्या बाजूला तिची जागा हाय.